राजा दीनदयाळ

अमरावती व अकोला हे जिल्हे १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली आले, तरी त्यानंतरही दीर्घकाळ वऱ्हाडचा नाममात्र धनी हैदराबादचा निजामच होता. त्या निजामाच्या दरबारी ज्या गुणी पुरुषाने केवळ कॅमेऱ्याच्या बळावर राजा ही पदवी मिळविली, त्याचे चरित्र आम्ही या अंकी वाचकांपुढे ठेवीत आहोत.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळील सरधना येथे एका जैन कुटुंबात झाला. बेगम समरूने बांधविलेल्या भव्य ख्रिस्तमंदिरामुळे हे गाव आम्हा ख्रिस्ती लोकांस परिचित आहे. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात स्थापत्याचे शिक्षण घेऊन १८६६ साली ते इंदूर येथे सरकारी बांधकाम खात्यात नोकरीस लागले. नकाशे व अंदाजपत्रके करणे हे त्यांचे काम. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला. सर हेन्री डेली यांनी त्यांस उत्तेजन दिले. पुढे सर लेपल ग्रिफिन यांच्याबरोबर ते मध्य हिंदुस्थानातील प्राचीन इमारतींची छायाचित्रे घेत हिंडले. ज्याचा हात नकाशांवर बसला होता, त्यास चौकटीत काय ठेवावे व काय गाळावे हे निराळे शिकावे लागले नसावे, असे आम्हांस वाटते.

१८८५ साली सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांस आपले दरबारी छायाचित्रकार नेमले. आता इमारतींच्या जागी माणसे आली, आणि माणूस इमारतीसारखा उभा राहत नाही. पूर्वी काचेवर रसायन ओतून ती ओली असतानाच फोटो घ्यावा लागे. बसणाऱ्याने कित्येक सेकंद निश्चल राहावयाचे, म्हणून मानेमागे लोखंडी टेकू लावीत. १८८० च्या सुमारास तयार कोरड्या काचा मिळू लागल्या व हा जाच कमी झाला. तरीही जरीची पगडी व रत्नहार घालून बसलेला सरदार कॅमेऱ्यापुढे लाकडासारखा ताठ होई तो होईच.

त्यावरचे उपाय त्या काळच्या जाणत्या चित्रशाळांत ठरलेले होते. काचेच्या छपरातून उत्तरेचा सौम्य उजेड घ्यावयाचा, पडदे सरकवून तो कमीजास्त करावयाचा, आणि सावलीच्या बाजूस पांढरे कापड धरून काळोख निववावयाचा. कॅमेरा फार जवळ आणला की नाक मोठे दिसते, म्हणून तो अंतरावर ठेवीत. चेहरा किंचित वळविला की एका गालावर उजेड व दुसऱ्यावर छाया पडून मुखास उठाव येतो. स्थूल गृहस्थास थोडे तिरपे बसवीत. मोकळे हात ओशाळे दिसतात. त्यांस तलवारीची मूठ किंवा खुर्चीचा हात द्यावा. अनेक जण असले म्हणजे काही उभे, काही खुर्च्यांवर, काही खाली जमिनीवर, अशी मांडणी करून नजर मुख्य पुरुषाकडे जाईल असे करीत. दीनदयाळ यांच्या समूहचित्रांत ही मांडणी स्पष्ट दिसते.

ही खुशामत नव्हे काय, असे कोणी विचारील. काचेवर पेन्सिल चालवून सुरकुत्या पुसण्याची रीतही तेव्हा होती, आणि ती आम्हांस मान्य नाही. परंतु माणसास त्याच्या चांगल्या उजेडात बसविणे हे असत्य नव्हे.

पडद्यातील स्त्रियांस हा मान सहसा मिळत नसे. म्हणून १८९२ साली दीनदयाळ यांनी हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी चित्रशाळा उघडली व ती मिसेस केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंच्या हाती दिली. तेथे पुरुषास प्रवेश नव्हता. आमच्या मते हे त्यांचे सर्वांत थोर काम होय. आई, बहीण यांचे मुख घराण्याच्या स्मृतीत राहण्याची सोय त्यांनी केली.

१८९४ साली निजामाने त्यांस राजा मुसव्विर जंग बहादूर ही पदवी दिली. मुसव्विर म्हणजे चित्रकार. १८९६ साली मुंबईस त्यांची चित्रशाळा निघाली. १८९९-१९०० च्या दुष्काळाने, ज्यास जुनी माणसे छप्पनचा दुष्काळ म्हणत, वऱ्हाडही होरपळले. निजामाच्या मुलखातील दुष्काळनिवारणाची चित्रेही दीनदयाळ यांच्या चित्रशाळेने घेतली. त्या उपाशी माणसांस ना रत्नहार होते, ना पडदे.

१९०४ साली त्यांचा पुत्र धरमचंद वारला, आणि पुढच्याच वर्षी, १९०५ साली, मुंबईस ते स्वतः निवर्तले. त्यांच्या दोन हजारांवर काचा १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने मिळविल्या.