कर्नल मेडोज टेलर : दख्खनच्या भूमीचे एक चित्रकार

कर्नल फिलिप मेडोज टेलर हे नाव वाचकांना परिचित आहे ते प्रामुख्याने ठगांवरील कादंबरीमुळे. १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कादंबरीने लेखकाला जी कीर्ती दिली, तिच्या छायेत त्यांची चित्रे झाकली गेली. वास्तविक त्यांचे पहिले पुस्तक चित्रांचे होते. दख्खनमधील स्थळांची व माणसांची त्यांनी केलेली रेखाटने शिळाछापावर उतरवून १८३७ मध्ये लंडनला प्रकाशित झाली.

टेलर यांचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी लिव्हरपूल येथे झाला. पंधराव्या वर्षी ते मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीसाठी आले. परंतु तो व्यवसाय डबघाईला आलेला होता. एका नातलगाच्या खटपटीने १८२४ साली त्यांना निजामाच्या सैन्यात अधिकारपद मिळाले आणि ते औरंगाबादेस रुजू झाले. फारसी, हिंदुस्थानी आणि मराठी या भाषा त्यांनी आत्मसात केल्या. भूमापन व चित्रकला यांत त्यांची प्रगती झाली ती कोणत्याही विद्यालयात न जाता. हैदराबादचे प्रसिद्ध पेढीवाले विल्यम पामर यांची कन्या मेरी हिच्याशी त्यांचा विवाह झाला आणि हे शहर त्यांचे सासर झाले.

त्या काळी प्रवासी अधिकाऱ्याजवळ कॅमेरा नव्हता. घोड्यावरून दौरा करणाऱ्यास सोबत नेता येईल एवढाच कागद, पेन्सिल आणि जलरंगांची पेटी, हीच त्याची साधने. यामुळेच या चित्रांचा आकार लहान. त्याच दशकांत अमेरिकेत हडसन नदीच्या परिसरात निसर्गचित्रणाची एक परंपरा उभी राहत होती. उघड्यावर बसून केलेल्या लहान अभ्यासचित्रांना तेथे मोठे महत्त्व आले. तिचे अध्वर्यू टॉमस कोल यांचा जन्म १८०१ चा, लिव्हरपूल ज्या लँकशायर परगण्यात होते त्याच परगण्यातील बोल्टनचा. एक तरुण पश्चिमेस गेला, दुसरा पूर्वेस. मात्र कोल यांनी चित्रकला हाच जन्माचा व्यवसाय केला. टेलर यांना ती कचेरीच्या कामातून उरलेल्या वेळात जोपासावी लागली. ही तुलना फार ताणण्यात अर्थ नाही.

१८४१ ते १८५३ या काळात टेलर सुरपूर संस्थानाच्या कारभारावर देखरेख ठेवीत होते. तेथील टेकडीवर त्यांनी बांधलेला बंगला ‘टेलर मंझिल’ म्हणून ओळखला जातो. बोनाळच्या तलावाच्या विस्तारातही त्यांचा हात होता. मेडोज या नावाचा अपभ्रंश करून लोक त्यांना ‘महादेव बाबा’ म्हणत. पत्नी मात्र याच काळात निवर्तली.

१८५३ च्या तहाने नळदुर्ग जिल्हा इंग्रजांकडे आला आणि टेलर यांची तेथे नेमणूक झाली. तारुण्यात पोलिस अधिकारी म्हणून हा मुलूख त्यांनी आधीच पालथा घातला होता. बोरी नदी अडवून किल्ल्यात उभारलेला बंधारा, त्याच्या पोटातील पाणी महाल, बंधाऱ्यावरून कोसळणारे धबधबे आणि बालाघाटच्या कड्याला बिलगलेले तुळजापूर ही दृश्ये त्यांच्या मनात खोलवर रुजली. ‘तारा’ ही १८६३ ची कादंबरी सुरू होते ती तुळजापुरातच. शिवाजी महाराज आणि अफझलखान यांच्या काळाची ती कथा आहे. तिच्यातील डोंगर, देऊळ व वाटा यांची वर्णने वाचताना कागदावर रेषा ओढणारा हात लक्षात येतो. कथानकाची गुंफण काही ठिकाणी सैल आहे, पण स्थळवर्णन कोठेही सैल पडत नाही.

१८५७ च्या उठावात त्यांना वऱ्हाडात बुलढाण्यास पाठविण्यात आले. पुढील वर्षी त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग आला. सुरपूरचा तरुण राजा वेंकटप्पा नायक टेलर यांच्या डोळ्यांसमोर वाढला होता व त्यांना ‘अप्पा’ म्हणत असे. त्याने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले, पराभवानंतर तो हैदराबादेस आला आणि तेथे पकडला गेला. कैदेत टेलर त्याला भेटले. देहान्ताची शिक्षा सौम्य होऊन काही वर्षांच्या कैदेवर आली. परंतु १८५८ मध्येच, कैदेच्या ठिकाणी नेले जात असताना, पिस्तुलाच्या गोळीने त्याचा अंत झाला. सरकारी नोंदीनुसार ती गोळी त्याच्याच हातून सुटली. ज्याला वाढविले त्याच्याच राज्याची व्यवस्था पाहण्यासाठी टेलर पुन्हा सुरपुरास गेले.

१८६० मध्ये निवृत्त होऊन ते मायदेशी परतले व पुढे डब्लिनजवळ राहिले. दख्खनमधील प्राचीन शिलावर्तुळांवरील त्यांचे निबंध रॉयल आयरिश अकादमीपुढे आले. १८६६ साली विजापूरच्या वास्तूंवरील भव्य ग्रंथासाठी त्यांनी मजकूर लिहिला. त्यात चित्रे होती ती छायाचित्रे. तोपर्यंत काळ पालटला होता.

१८७५ च्या सुमारास त्यांची दृष्टी गेली. वैद्यांचा सल्ला आणि सर सालारजंग यांचा आग्रह, यांमुळे त्यांनी हिवाळ्यासाठी पुन्हा हिंदुस्थान गाठला. ज्या मुलखाचे कडे, तळी आणि घुमट त्यांनी कागदावर उतरविले होते, तेथे ते या वेळी अंधत्व घेऊन आले. जंगली तापाने उरलीसुरली प्रकृती ढासळली. परतीच्या वाटेवर, १३ मे १८७६ रोजी, फ्रान्समधील मेंतों येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे आत्मचरित्र कन्येने संपादित करून १८७७ मध्ये प्रसिद्ध केले.