घरावर दगड पडले, पुढच्याच वर्षी जगाने डोक्यावर घेतले : गोलकीपर लेव्ह याशिनची गोष्ट

फुटबॉलमध्ये एका बाजूने अकरा जण खेळतात. त्यातल्या दहा जणांच्या चुका झाकून जातात. पुढच्या खेळाडूने चेंडू बाहेर मारला तर लोक हळहळतात आणि विसरतात. पण अकरावा, म्हणजे गोलकीपर, चुकला की ती चूक थेट फळ्यावर लागते. दहा वर्षं चांगलं पीक काढणाऱ्याचं एक साल बुडालं की गाव त्या एका सालाबद्दलच बोलतं, तसंच हे काम.

हे काम जगात सगळ्यात चांगलं कोणी केलं, असं विचारलं तर फुटबॉल जाणणारी बहुतेक माणसं एकच नाव घेतात. रशियाचा लेव्ह याशिन. वर्षाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून 'बॅलन डी'ओर' हा मानाचा पुरस्कार दिला जातो. पुरुषांमध्ये तो आजपर्यंत एकाच गोलकीपरला मिळालाय, तो म्हणजे याशिन. पण त्याच्या आदल्याच वर्षी याच माणसाच्या घराच्या काचा लोकांनी दगड मारून फोडल्या होत्या.

कारखान्यातला पोरगा

याशिनचा जन्म २२ ऑक्टोबर १९२९ चा, मॉस्को शहरातला. घर कामगाराचं. दुसरं महायुद्ध देशात पोचलं तेव्हा पोरगा अकरा-बारा वर्षांचा होता. जर्मन फौजा मॉस्कोकडे सरकू लागल्या तसे कारखाने आणि कामगारांची कुटुंबं आतल्या भागात हलवली गेली. मोठी माणसं लढाईवर गेलेली, त्यामुळे शाळेच्या वयात याशिन कारखान्यात कामाला लागला. युद्धासाठी लागणारा माल तिथे बनत होता.

युद्ध संपलं, पण कारखाना सुटला नाही. पहाटे उठून कामावर जायचं, संध्याकाळी कारखान्याच्या संघाकडून खेळायचं, असा रोजचा क्रम. अठराव्या वर्षी अंगातलं त्राण आणि मनाची उभारी दोन्ही संपली. कामावर जाणंच त्याने बंद केलं. पुढे सैन्यात भरती झाला आणि तिथे खेळताना डायनॅमो मॉस्को या मोठ्या क्लबच्या प्रशिक्षकाच्या नजरेत भरला. लांब हात, उंच बांधा आणि चेंडूवर झेपावायची हिंमत त्याच्याकडे होती.

पहिल्याच घासाला खडा

सुरुवात मात्र फजितीची झाली. १९५० मध्ये एका मैत्रीपूर्ण सामन्यात समोरच्या गोलकीपरने आपल्या गोलजवळून चेंडू लांब मारला. तो वाऱ्यावर इतका पुढे आला की याशिन पकडायला पुढे धावला, आपल्याच बचावपटूवर आदळला आणि चेंडू जाळ्यात गेला. एका गोलकीपरने दुसऱ्या गोलकीपरवर गोल केला! लोक पोट धरून हसले. त्या वर्षी मुख्य स्पर्धेतही त्याच्या हातून चुका झाल्या आणि त्याला बाकावर बसवलं. मग जवळजवळ तीन वर्षं तो बसूनच राहिला. पुढे अलेक्सेई खोमिच नावाचा नावाजलेला गोलकीपर होता, त्यामुळे जागा मिळायची नाही.

दुसरा एखादा क्लब सोडून गेला असता. याशिन बर्फावरच्या हॉकीत गोल राखायला उभा राहिला. तिथे चेंडूऐवजी लहानशी कडक चकती गोळीसारखी येते. १९५३ मध्ये त्याच्या संघाने हॉकीचा देशपातळीवरचा कप जिंकला. नजर आणि हात तिथे आणखी तयार झाले. त्याच वर्षी फुटबॉलचं दार पुन्हा उघडलं आणि मग त्याने ते बंद होऊ दिलं नाही.

राखणीची नवी रीत

तोवर गोलकीपर म्हणजे दोन खांबांच्या मध्ये उभा राहणारा माणूस. चेंडू आला तर अडवायचा, नाही आला तर उभं राहायचं. याशिनने ही रीत मोडली. तो गोल सोडून पुढे यायचा आणि धोका जवळ येण्याआधीच चेंडू काढून घ्यायचा. पकडता येणार नाही असा चेंडू मुठीने दूर ठोसायचा. हातात आलेला चेंडू लगेच आपल्या माणसाकडे फेकून चढाई सुरू करायचा. आणि पूर्ण वेळ ओरडून आपल्या बचावपटूंना जागा सांगायचा. चोर बांधावर चढल्यावर उठणारा राखणदार वेगळा आणि रात्रभर बांधाने फिरून हाळी देणारा वेगळा. याशिन दुसऱ्या जातीचा.

अंगात गडद रंगाचा पोशाख, डोक्यावर टोपी. सगळीकडे हात पोचतो म्हणून लोक त्याला 'काळा कोळी' म्हणू लागले.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाने सुवर्णपदक जिंकलं. अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियाला याशिनने एकही गोल करू दिला नाही, निकाल १-० लागला. त्याच स्पर्धेत आपला भारत चौथा आला होता. गोव्याच्या मातीतला नेव्हिल डिसोझा याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल ठोकले होते. उपांत्य सामन्यात भारताला हरवलं ते याच युगोस्लाव्हियाने. १९६० मध्ये पॅरिसला पहिला युरोप चषक झाला, तोही याशिनच्या संघाने युगोस्लाव्हियालाच २-१ असं हरवून नेला.

चिलीतला घाव

१९६२ चा विश्वचषक चिली देशात होता. कोलंबियाविरुद्ध सोव्हिएत संघ ४-१ ने पुढे होता. तेवढ्यात कोलंबियाच्या मार्कोस कोल याने कोपऱ्यावरून मारलेला चेंडू कोणालाही न लागता थेट गोलमध्ये गेला. जवळच्या खांबापाशी उभ्या बचावपटूने तो सोडला होता, पण नाव याशिनचं लागलं. सामना ४-४ बरोबरीत सुटला. पुढे उपांत्यपूर्व फेरीत यजमान चिलीने २-१ असं हरवलं. दोन्ही गोल लांबून मारलेले होते.

घरी बसलेल्या लोकांना हे सामने टीव्हीवर दिसले नव्हते. पेपरात छापून आलं तेच खरं मानायचं. आणि पेपरांनी हरण्याचं खापर याशिनच्या डोक्यावर फोडलं. आता याशिन संपला, असं बोललं जाऊ लागलं. मैदानात उतरला की प्रेक्षक शिट्ट्या मारून हिणवायचे. घराच्या काचा फुटल्या. ज्याने ऑलिंपिकचं सोनं आणलं, त्याच्यावर ही वेळ आली. वय ३२. खेळ सोडून द्यावा असं त्याच्या मनात आलं. काही काळ तो गर्दीपासून लांब, मासे धरायला गळ टाकून बसला. तो त्याचा जुना छंद होता.

उत्तर तोंडाने नाही, हाताने

प्रशिक्षकाने घाई केली नाही, त्याला सावरायला वेळ दिला. आणि १९६३ साल उजाडलं. त्या हंगामात याशिनने २७ सामन्यांत फक्त ६ गोल होऊ दिले. डायनॅमो मॉस्को देशात पहिला आला. ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेला १०० वर्षं झाली म्हणून लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंड विरुद्ध उरलेलं जग असा सामना झाला. जगाच्या संघात गोलकीपर याशिन! पूर्वार्धात तो खेळला आणि इंग्लंडला एकही गोल करता आला नाही. नोव्हेंबरमध्ये रोममध्ये इटलीच्या सँड्रो माझोलाची पेनल्टी त्याने अडवली. वर्षाच्या शेवटी बॅलन डी'ओर त्याच्या नावावर लागला. काचा फोडणाऱ्यांना त्याने यापेक्षा वेगळं उत्तर दिलं नाही.

१९६६ च्या विश्वचषकात त्याचा संघ चौथा आला. विश्वचषकात सोव्हिएत संघाची ती सगळ्यात मोठी मजल. डायनॅमोसाठी त्याने लीगचे ३२६ सामने खेळले आणि ५ वेळा लीगचं विजेतेपद मिळवलं. वीस वर्षांत क्लब बदलला नाही. १९७१ मध्ये मॉस्कोत त्याचा निरोपाचा सामना झाला तेव्हा स्टेडियममध्ये एक लाखाच्या आसपास लोक होते. यात कधीकाळी शिट्ट्या मारणारेही असतीलच.

शेवट

सिगारेटची सवय त्याला जुनी. म्हातारपण सुखाचं गेलं नाही. पायाचं दुखणं वाढून पाय कापावा लागला, मग पोटाच्या कॅन्सरने गाठलं. २० मार्च १९९० रोजी, साठ वर्षांचा असताना, मॉस्कोत त्याने शेवटचा श्वास घेतला. मागे पत्नी आणि दोन मुली होत्या.

२०१८ चा विश्वचषक रशियात झाला, त्याच्या पोस्टरवर चेंडूकडे झेपावणारा याशिन होता. २०१९ पासून जगातल्या सर्वोत्तम गोलकीपरला त्याच्याच नावाची ट्रॉफी मिळते.

आज गावोगावी पोरं मैदानात उतरतात तेव्हा गोल राखायला कोणी तयार नसतं. ज्याला धड खेळता येत नाही त्याला खांबांमध्ये उभं करतात. त्यातला एखादा पोरगा चेंडू सुटला म्हणून शिव्या खाऊन घरी येईल, त्याला ही गोष्ट नक्की सांगावी. याशिनच्या हातूनही चेंडू सुटले होते. सगळ्या देशाने ते मोजले होते. पण पुढच्या सामन्यात तो परत त्याच दोन खांबांच्या मध्ये जाऊन उभा राहिला.