दोन अंतिम सामने हरलेला माणूस : फेरेंत्स पुश्काश



केंद्रस्तरीय क्रीडा स्पर्धेत यंदा आमच्या शाळेचा खो-खोचा संघ अंतिम सामन्यात हरला. परत येताना गाडीत एकही मूल बोललं नाही. दुसऱ्या दिवशी परिपाठात मी त्यांना एका फुटबॉलपटूचं चरित्र सांगितलं. तेच आज तुमच्यासाठी इथे देत आहे. क्रीडा सप्ताहात किंवा कधी मुलं हिरमुसली असतील तेव्हा नक्की वापरा.

बालपण

फेरेंत्स पुश्काश यांचा जन्म १९२७ साली हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे झाला. शहराला लागून असलेल्या किश्पेश्त भागात ते वाढले. घरची परिस्थिती बेताचीच. चिंध्यांचा चेंडू करून गल्लीत खेळायचं, असं ते बालपण. वडील तिथल्याच क्लबकडून खेळत आणि पुढे प्रशिक्षकही झाले. शेजारी राहणारा योझेफ बोझिक हा त्यांचा जिवलग मित्र. पुढे हे दोघेही देशाच्या संघात एकत्र खेळले. क्लबात नाव घालायला बारा वर्षं पूर्ण लागत, म्हणून छोट्या पुश्काशने चक्क दुसऱ्याच नावाने नोंदणी केली होती. (मुलांना हा भाग सांगताना जरा जपून!)

उंची कमी, अंगाने गोलमटोल आणि जवळजवळ सगळा खेळ एकट्या डाव्या पायावर. तरीही हंगेरीसाठी ८५ सामन्यांत त्यांनी ८४ गोल केले.

पहिला पराभव : १९५४

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये हंगेरीने सुवर्णपदक जिंकलं. नोव्हेंबर १९५३ मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर त्यांनी इंग्लंडला ६-३ असं हरवलं. युरोपच्या मुख्य भूमीवरच्या कोणत्याही देशाने तोवर इंग्लंडला त्यांच्या घरच्या मैदानावर हरवलं नव्हतं. पुश्काश त्या संघाचे कर्णधार होते.

त्यामुळे १९५४ चा विश्वचषक हंगेरीचाच, असं सगळे धरून चालले होते. चार वर्षांत हा संघ एकही सामना हरलेला नव्हता. घोट्याची दुखापत अंगावर घेऊन पुश्काश अंतिम सामन्यात उतरले आणि पहिला गोलही त्यांनीच केला. आठ मिनिटांत हंगेरी २-० ने पुढे होती. तरीसुद्धा पश्चिम जर्मनीने सामना ३-२ असा जिंकला. बुडापेस्टमध्ये लोक रस्त्यावर उतरले, तोडफोड झाली. कालपर्यंतचे लाडके खेळाडू एका दिवसात दोषी ठरले.

देश सुटला

१९५६ मध्ये हंगेरीत उठाव झाला आणि सोव्हिएत फौजांनी तो चिरडला. पुश्काश तेव्हा आपल्या होनवेद क्लबबरोबर परदेशात होते. ते परतले नाहीत. त्यांच्यावर खेळण्याची बंदी आली. वय वाढत होतं, वजनही. १९५८ मध्ये स्पेनच्या रेआल माद्रिद क्लबने त्यांना घेतलं, तेव्हा ते ३१ वर्षांचे होते. या वयात बरेच खेळाडू निवृत्तीचा विचार करतात! पण १९६० च्या युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात रेआलने ७-३ असा विजय मिळवला आणि त्यातले चार गोल एकट्या पुश्काश यांचे होते.

ग्रीसमधला शिक्षक

१९६६ मध्ये खेळणं थांबवून ते प्रशिक्षक झाले आणि १९७० मध्ये ग्रीसच्या पॅनाथिनाइकोस क्लबकडे आले. ग्रीसचे मोठे क्लब थोडक्यात असे : अथेन्सचा पॅनाथिनाइकोस १९०८ चा. एईके हा अथेन्सचाच, पण तो १९२४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, सोडून आलेल्या निर्वासितांनी काढला. पिरेयस बंदरातला ऑलिंपियाकोस १९२५ चा आणि थेसालोनिकी शहरातला पाओक १९२६ चा. आपापसात या क्लबांची चुरस जबरदस्त. पण युरोपियन चषकाची उपांत्य फेरी तोवर एकाही ग्रीक क्लबने गाठली नव्हती. ग्रीसमधलं फुटबॉल पूर्ण व्यावसायिक झालं तेच मुळी १९७९ मध्ये.

अशा संघाला घेऊन पुश्काश युरोपात उतरले. लक्झेंबर्गचा क्लब हरला, मग चेकोस्लोव्हाकियाचा. उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडचा एव्हर्टन होता. तिकडे १-१, इकडे ०-०. परक्या मैदानावर केलेला गोल बरोबरीत जास्त मोलाचा धरत, म्हणून ग्रीक पुढे गेले. उपांत्य फेरीत बेलग्रेडमध्ये रेड स्टारने त्यांना ४-१ असं धुतलं. सगळं संपलं असंच वाटावं! पण अथेन्समध्ये पॅनाथिनाइकोसने ३-० असा विजय मिळवला. दोन्ही सामने मिळून ४-४. बेलग्रेडमध्ये केलेला तो एकुलता एक गोल कामाला आला.

२ जून १९७१ ला अंतिम सामना होता, तोही वेम्बलीवर. १८ वर्षांपूर्वी जिथे पुश्काश यांनी इंग्लंडला नमवलं होतं, त्याच मैदानावर आता ते कडेला बसून आपल्या खेळाडूंकडे पाहत होते. समोर क्रायफचा आयॅक्स. पाचव्याच मिनिटाला गोल बसला, शेवटी आणखी एक. ग्रीक २-० ने हरले.

आणि ग्रीसमध्ये काय झालं? तो पराभव लोकांनी अभिमानाने जपला. कर्णधार दोमाझोस आणि त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा अँटोनियादिस यांची नावं तिथे आजही आदराने घेतली जातात. युरोपियन चषकाचा अंतिम सामना त्यानंतर कोणत्याच ग्रीक क्लबच्या वाट्याला आलेला नाही. युरोपातली पहिली ट्रॉफी ग्रीसला मिळाली ती थेट २०२४ मध्ये, ऑलिंपियाकोसमुळे, तीही कॉन्फरन्स लीग या वेगळ्या स्पर्धेत.

शेवटची वर्षं

अथेन्समध्ये पुश्काश ग्रीक बोलायला शिकले. ती भाषा पुढे ऑस्ट्रेलियात उपयोगी पडली. मेलबर्नमध्ये ग्रीक स्थलांतरितांनी काढलेल्या क्लबचे ते १९८९ मध्ये प्रशिक्षक झाले. इंग्रजी जेमतेम, म्हणून ग्रीक जाणणारा तरुण कर्णधार अँजे पोस्टेकोग्लू त्यांचा दुभाषी बनला. १९९१ मध्ये त्यांनी तिथली लीग जिंकली. तो कर्णधार पुढे स्वतः नामवंत प्रशिक्षक झाला.

नंतर पुश्काश मायदेशी परतले. अखेरच्या काळात त्यांना स्मृतिभ्रंशाने गाठलं. १७ नोव्हेंबर २००६ रोजी त्यांचं निधन झालं. ज्या शहरात एकेकाळी लोक चिडून रस्त्यावर आले होते, तिथल्याच सर्वांत मोठ्या चर्चमध्ये त्यांना सन्मानाने दफन करण्यात आलं.

वर्गात काय झालं?

गोष्ट संपल्यावर एका मुलीने विचारलं की, दोन्ही वेळा नंबर दुसराच, मग एका गावात राग आणि दुसऱ्या गावात अभिमान का? मी उत्तर दिलं नाही, मुलांनाच बोलू दिलं. एकाने सांगितलं की हंगेरीच्या लोकांनी आधीच जिंकल्याचं धरलं होतं. दुसरा म्हणाला की ग्रीक लोकांनी त्यांचा संघ कुठून कुठे आला ते बघितलं.

मला मात्र आमची गाडी आठवली. मुलं गप्प होती हे मी तुम्हाला सुरुवातीला सांगितलं. मीही पूर्ण रस्ता गप्प होतो, हे सांगायचं राहिलं. मुलांनी आपला निकाल फलकावर नाही, माझ्या चेहऱ्यावर वाचला असणार.

पराभवाला विजय म्हणू नका, मुलांना ते लगेच कळतं. पण पुढच्या वेळी निकालपत्रक हातात घेताना किंवा मैदानावरून घरी येताना मूल आधी आपल्याकडे बघेल, एवढं आपण लक्षात ठेवूया.