ढगांचा 'सिनेमा' दाखवणारा शास्त्रज्ञ : व्हर्नर सुओमी

मे महिन्यातली दुपार. तासाभरापूर्वी मोकळं असलेलं आभाळ बघता बघता काळवंडतं, विजा कडाडायला लागतात आणि शेतातल्या माणसाला आडोसा गाठायलाही वेळ मिळत नाही. एकेका वादळी ढगाचा खेळ बऱ्याचदा तासाभरातच आटोपतो. मग त्याचा अंदाज द्यायचा तरी कसा? हे कोडं सोडवण्यात मोठा वाटा आहे व्हर्नर सुओमी यांचा.

सुओमी यांचा जन्म ६ डिसेंबर १९१५ रोजी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, एव्हलेथ या खाणींच्या गावात झाला. घराणं मूळचं फिनलंडचं. आधी ते शाळेत विज्ञान शिकवायचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते हवामानशास्त्राकडे वळले आणि १९४८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात रुजू झाले. मक्याच्या शेतात किती उष्णता येते आणि किती परत जाते, हा त्यांच्या डॉक्टरेटचा विषय. १९५९ मध्ये हाच हिशोब त्यांनी 'एक्सप्लोरर ७' उपग्रहावरून अख्ख्या पृथ्वीचा मांडायला घेतला.

१९६० मध्ये 'टायरॉस १' हा पहिला हवामान उपग्रह ढगांचे फोटो पाठवू लागला. पण पृथ्वीभोवती फिरणारा हा उपग्रह एका जागेवर टिकत नसे. तो परत येईपर्यंत वादळ येऊन गेलेलं असायचं.

३६ हजार किलोमीटर उंचीवरचा भूस्थिर उपग्रह मात्र एकाच भागावर सतत नजर ठेवू शकतो. अडचण एकच होती. तोल राहावा म्हणून तो भोवऱ्यासारखा मिनिटाला सुमारे १०० वेळा गरगरायचा. अशा भोवऱ्यावरून फोटो काढायचा कसा?

सुओमी आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट पॅरेंट यांनी ही अडचणच कामाला लावली. एका फेरीत चित्राची एक ओळ टिपायची, दुर्बीण किंचित कलवायची आणि पुढच्या फेरीत पुढची ओळ. वीसेक मिनिटांत पृथ्वीची दिसणारी अख्खी बाजू तयार! डिसेंबर १९६६ मध्ये हा कॅमेरा 'एटीएस १' उपग्रहावरून अवकाशात गेला. ओळीने आलेले फोटो जोडले आणि ढग पडद्यावर चालायला लागले. कुठला ढग फुगतोय, कुठे सरकतोय, हे तो फुगत असतानाच दिसू लागलं.

१९७४ पासून भूस्थिर उपग्रहांवर इन्फ्रारेड नजरही आली. ढगाचा माथा झपाट्याने थंड होतोय, म्हणजे तो वेगाने उंच चढतोय, हे रात्रीही कळायला लागलं.

१९७७ मध्ये सुओमी यांना अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं. ३० जुलै १९९५ रोजी त्यांचं निधन झालं. पुढे 'सुओमी एनपीपी' या उपग्रहाला त्यांचं नाव देण्यात आलं.

आजचे बहुतेक उपग्रह तसे गरगरत नाहीत, पण ढगांवर सतत नजर ठेवण्याची रीत तीच आहे. भारतीय हवामान विभाग पुढच्या तीन तासांचा इशारा देतो, तेव्हा रडारसोबत इन्सॅट उपग्रहांची चित्रंही कामी येतात. असा इशारा मोबाईलवर आला, तर झाडाखाली थांबू नका, पक्कं घर गाठा. हातात असलेला तो थोडका वेळच जीव वाचवतो.