विश्लेषण : एका डेझीसाठी १७ वर्षे… फुलांचे ‘जादूगार’ ल्यूथर बरबँक यांच्या पदरी काय पडले?

पांढऱ्याशुभ्र पाकळ्या आणि मध्ये पिवळी चकती असलेली शास्ता डेझी आज जगभरच्या बागांत दिसते. मात्र हे फूल मुळात कोणत्याही रानात नव्हते. ते घडवले अमेरिकेच्या कॅलिफोर्नियातील ल्यूथर बरबँक यांनी. आपल्याकडे त्यांचे नाव परमहंस योगानंद यांच्या ‘योगी कथामृत’मुळे अनेकांनी वाचलेले असते, ते पुस्तक बरबँक यांच्या स्मृतीस अर्पण केलेले आहे. त्या संतप्रतिमेपलीकडचे बरबँक कसे होते? बियांपासून नवी फुले त्यांनी कशी काढली आणि त्या फुलांवर त्यांचा हक्क का राहिला नाही?

बटाट्याच्या २३ बिया

बरबँक यांचा जन्म ७ मार्च १८४९ रोजी मॅसॅच्युसेट्समधील लँकेस्टर येथे झाला. वडिलांच्या १५ अपत्यांपैकी ते तेरावे. शाळकरी शिक्षणापलीकडे वनस्पतिशास्त्राचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतले नाही. चार्ल्स डार्विन यांचे पाळीव प्राणी आणि लागवडीतील वनस्पतींमधील बदलांविषयीचे पुस्तक मात्र तरुणपणी त्यांच्या हाती पडले आणि आयुष्याची दिशा ठरली.

वडिलांच्या पश्चात मिळालेल्या वाट्यातून त्यांनी थोडी जमीन घेतली. तिथे ‘अर्ली रोझ’ या बटाट्याच्या वेलीला फळ धरलेले दिसले. बटाटा लावतात तो कंदाचे डोळे लावून. त्याच्या बियांकडे कोण बघतो? बरबँक यांनी बघितले. त्या एका फळात २३ बिया होत्या. १८७२ मध्ये त्या पेरल्या तेव्हा प्रत्येक रोपाला वेगळा बटाटा आला आणि त्यातील एक मूळ वाणापेक्षा कितीतरी सरस निघाला. एका बियाणे विक्रेत्याने तो १५० डॉलरला विकत घेतला. या पैशाच्या आधाराने बरबँक १८७५ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता रोझा येथे गेले. पुढे या बटाट्यापासून निघालेला ‘रसेट बरबँक’ अमेरिकेतील सर्वाधिक पिकवल्या जाणाऱ्या वाणांपैकी एक ठरला. बरबँक यांची त्यातून झालेली कमाई तेवढीच, १५० डॉलर.

शास्ता डेझी कशी घडली?

न्यू इंग्लंडच्या कुरणांत ‘ऑक्स-आय’ नावाची रानडेझी उगवते. तिथले शेतकरी तिला तण म्हणून उपटत. बरबँक यांना मात्र ती लहानपणापासून आवडायची. सांता रोझाला तिचे बी लावून त्यांनी १८८४ च्या सुमारास काम सुरू केले. त्यांना हवे होते मोठे, लख्ख पांढरे, लांब गुळगुळीत दांड्याचे आणि फुलदाणीत बरेच दिवस टिकणारे फूल. रानडेझीत यातले फारसे काही नव्हते.

डेझीचा संकर करणे किचकट असते. आपण जिला एक फूल म्हणतो ती शेकडो बारीक फुलांची चकती असते, शेवंती किंवा सूर्यफुलासारखी. प्रत्येक बारीक फुलातील पुंकेसर चिमट्याने काढणे अशक्यच. बरबँक पाण्याच्या बारीक धारेने चकतीवरचे परागकण धुऊन काढत आणि मग दुसऱ्या जातीचे फूल तिच्यावर दाबत. युरोपातील मोठ्या फुलांच्या डेझींशी त्यांनी असे संकर केले. पांढरेपणा तरीही मनासारखा येईना, म्हणून आपण जपानी डेझीचा परागही वापरला, असे ते सांगत.

खरी कसोटी त्यानंतरची. संकरित रोपांच्या बिया पुन्हा पेरल्या की पुढच्या पिढीत आजी-आजोबांचे गुण सुटे होऊन नाना तऱ्हांनी एकत्र येतात. हजार रोपांत एखादे हवे तसे निघते. बरबँक खोक्यांमध्ये दाट पेरणी करत आणि रोपे कोवळी असतानाच त्यांच्यातून निवड करत. राहिलेली हजारो रोपे उपटून जाळली जात. निवडलेल्या रोपाचे बी धरायचे, पुन्हा पेरायचे, पुन्हा जाळायचे. १९०१ मध्ये, म्हणजे १७ वर्षांनी, डेझी बाजारात आली. कॅलिफोर्नियातील हिमाच्छादित माउंट शास्तावरून तिचे नाव ठेवले गेले.

निव्वळ निवडीची करामत

प्रत्येक वेळी संकर लागतोच असे नाही. कॅलिफोर्नियाच्या माळरानावरची खसखशीच्या कुळातील पॉपी सोनेरी-नारिंगी असते. अशा एका फुलाच्या पाकळीवर बरबँक यांना किरमिजी रंगाची बारीक रेघ दिसली. त्यांनी त्या झाडाचे बी धरले. पुढच्या पिढीत ज्या फुलावर रेघ किंचित रुंद, त्याचेच बी पुन्हा पेरले. काही पिढ्यांनंतर संपूर्ण किरमिजी पॉपी तयार झाली. यात गूढ काही नव्हते. रेघ दिसणे आणि तिच्यासाठी वर्षानुवर्षे थांबणे, एवढेच भांडवल. वृत्तपत्रांनी त्यांना जादूगार ठरवले, त्यात या कष्टांचा हिशेब पुसला गेला.

वैज्ञानिकांनी पाठ का फिरवली?

ग्रेगोर मेंडेल यांचे आनुवंशिकतेचे नियम १९०० मध्ये पुन्हा प्रकाशात आले. त्यामुळे बरबँक यांच्या शेतातील खजिन्याबद्दल वैज्ञानिकांना कुतूहल होते. कार्नेगी संस्थेने १९०५ पासून त्यांना वर्षाला १० हजार डॉलर दिले आणि जॉर्ज शल या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाला नोंदी करण्यासाठी धाडले. पण बरबँक यांच्याकडे नीट नोंदीच नव्हत्या. कोणत्या झाडाचा पराग कुठे गेला, हे बरेचसे त्यांच्या डोक्यात. शिवाय भोवतालच्या परिस्थितीने आलेले गुण बियांत उतरतात, या समजुतीवर ते ठाम होते. १९०९ मध्ये अनुदान थांबले. शल यांचा अपेक्षित अहवाल कधीच प्रसिद्ध झाला नाही.

नोंदींच्या या अभावाची किंमत शास्ता डेझीलाही मोजावी लागली. वनस्पतिशास्त्र आज तिचे जनक म्हणून पिरेनीज पर्वतातील आणि पोर्तुगालमधील अशा दोनच जाती धरते. ज्या रानडेझीपासून ही गोष्ट सुरू झाली, ती या वंशावळीत नाही आणि जपानी डेझीही नाही.

पैशाचे गणित कुठे चुकले?

८०० हून अधिक वाण बरबँक यांच्या नावावर सांगितले जातात. फुलांबरोबर त्यात प्लम होते, काटेविरहित निवडुंग होता. १९१५ मध्ये थॉमस एडिसन आणि हेन्री फोर्ड त्यांची बाग बघायला आले. एडिसन यांच्या दिव्याला पेटंट होते. बरबँक यांच्या डेझीला ते मिळण्याची सोयच नव्हती. नवे रोप तयार झाले की त्याचा सगळा साठा एखाद्या रोपवाटिकेला एकरकमी विकायचा, हाच मार्ग. त्यांच्या १८९३ च्या सूचिपत्रात काही वाणांच्या किमती हजार डॉलरच्या वर होत्या. आज त्या भरमसाट वाटतील, पण एकदा रोप हाताबाहेर गेले की कुणीही त्याचे फुटवे काढून विकायला मोकळा होता. डेझीचे तर हे फारच सोपे. आपल्याकडे शेवंतीच्या काश्या लावतात तसे ठोंब फोडून लावले की हुबेहूब तेच फूल. उलट तिचे बी पेरले तर रोपांत थोडाफार फरक पडतोच.

त्यांच्या नावाने बियाणे आणि रोपे विकण्यासाठी १९१२ मध्ये काढलेली कंपनी चार वर्षांत बुडाली. ११ एप्रिल १९२६ रोजी बरबँक यांचे निधन झाले. सांता रोझातील घराच्या अंगणात, त्यांनीच लावलेल्या देवदाराखाली त्यांचे दफन झाले.

कायदा आला, पण…

अमेरिकेने वनस्पती पेटंट कायदा केला तो १९३० मध्ये. या कायद्याच्या बाजूने एडिसन उभे राहिले आणि संसदेतील चर्चेत बरबँक यांच्या हलाखीचा दाखला दिला गेला. मरणोत्तर त्यांच्या नावे १६ पेटंटे नोंदली गेली. मात्र कलम, छाट किंवा फुटव्यांपासून वाढवलेल्या झाडांनाच या कायद्याचे संरक्षण होते. बियांपासून येणारे वाण त्यातून वगळलेले, आणि कंदावर वाढणारा बटाटाही. म्हणजे ज्या २३ बियांनी बरबँक यांना घडवले, त्यांच्यातून आलेला वाण या कायद्यातही बसला नसता.

भारतात वनस्पतींना पेटंट मिळत नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली नव्या वाणाची नोंदणी करता येते आणि शेतकऱ्याचा बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा हक्कही शाबूत राहतो. झाडे आणि वेलींच्या वाणांना त्यात १८ वर्षांचे संरक्षण आहे. इतर पिकांना १५ वर्षांचे, म्हणजे शास्ता डेझी घडायला लागली त्याहून दोन वर्षे कमी.