कॅमेऱ्यामागचा भागीदार

'प्रभात'चा विषय निघाला की आधी शांतारामबापूंचे नाव येते, पाठोपाठ दामले-फत्तेलाल येतात. केशवराव धायबरांपर्यंत पोचेतो बहुतेकांची आठवण संपलेली असते. बँकेत असताना मी भागीदारीची कागदपत्रे पुष्कळ चाळली. कागदावर सारे भागीदार एका ओळीत असतात; बाजार मात्र एखाद्यालाच ओळखतो. धायबरांची कारकीर्द मला म्हणूनच जवळची वाटते.

बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत ते होते. तिथेच १९२७ साली 'नेताजी पालकर' हा मूकपट त्यांनी शांतारामबापूंबरोबर दिग्दर्शित केला. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात 'प्रभात' उभी राहिली. चौघे कलावंत होते, पाचवे सीताराम कुलकर्णी पैशाची बाजू सांभाळणारे. १९३२ चा पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' धायबरांच्याच कॅमेऱ्याने टिपला.

१९३३ साली कंपनी पुण्याला आली आणि पुढच्याच वर्षी 'अमृतमंथन' झळकला. हिंदी आवृत्तीत राजगुरू झालेल्या चंद्रमोहनचा डोळा सारा पडदा व्यापतो. कल्पनेचे श्रेय बापूंना मिळाले, ते रास्तच. पण इतक्या जवळून टिपताना अंतर किंवा उजेड थोडा चुकला तरी चित्र धूसर होते. ते झाले नाही, ही धायबरांची कमाई.

आमच्या हिवरा आश्रमात विवेकानंद जन्मोत्सवाला हजारोंच्या पंगती बसतात. पुरी आणि वांग्याच्या भाजीची चव माणसे घरी जाऊन सांगतात. चुलाणापाशी रात्र जागवलेल्यांची नावे कोण विचारतो? कॅमेरामनचे थोडेफार असेच असते.

१९३६ साली धायबरांनी 'राजपूत रमणी' एकट्याने दिग्दर्शित केला. नायिका नलिनी तर्खड. दैव असे, की त्याच वर्षी त्याच स्टुडिओतून दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' निघाला आणि १९३७ साली व्हेनिसला गौरवला गेला. त्या झगमगाटात 'राजपूत रमणी' झाकोळला. नलिनीबाईंशी विवाह करून धायबर 'प्रभात'मधून बाहेर पडले. १९३८ साली त्यांनी 'नंदकुमार' काढला. मद्रासकडे मेय्यप्पन यांच्यासाठी त्याची तमिळ आवृत्तीही त्यांनीच दिग्दर्शित केली. टी. आर. महालिंगम त्यातूनच पडद्यावर आले, आणि तमिळ पडद्यावर पार्श्वगायनाची वाट या चित्रपटाने उघडली.

फ्रान्सचे राऊल कुतार गोदारचे छायाचित्रकार. १९७० साली त्यांनी 'होआ बिन्ह' दिग्दर्शित केला, कान महोत्सवात तो गौरवला गेला. तरी लोक त्यांना ओळखतात ते गोदारच्या चित्रपटांमुळेच. दिग्दर्शकाची खुर्ची मिळाली म्हणजे दिग्दर्शक म्हणून ओळख मिळतेच असे नाही.

भागीदार संस्था सोडतो तेव्हा हिशेब मिटवून पैसे नेता येतात. टिपलेली दृश्ये नेता येत नाहीत. धायबरांची खरी पुंजी 'प्रभात'च्या खात्यावरच राहिली. 'अमृतमंथन'मधला तो डोळा पुन्हा पाहाल तेव्हा एवढेच ध्यानात ठेवा : चित्रीकरणाच्या वेळी त्याच्यासमोर केशवराव धायबर उभे होते.