उंडेऱ्याला आलेले हाफकिनसाहेब

आमच्या आजीला सन सांगता येत नसत. तिची कालगणना प्लेगची. कुणाचे लग्न पहिल्या प्लेगच्या आधीचे, कुणाचा जन्म दुसऱ्या प्लेगातला, असा तिचा हिशेब. घराला कुलूप लावून गावाबाहेर झोपड्यांत काढलेले दिवस, माळ्यावरून पडलेला मेलेला उंदीर, आणि दंडात सुई टोचणारा कुणी डॉक्टर, एवढे तिच्या बोलण्यात नेहमी येई. पुढचे ती क्वचितच सांगे. पणजोबांनी तिला टोचून घेतले, पण तिच्या धाकट्या बहिणीला नेले नाही. सुईने ताप भरतो असे ऐकले होते आणि पोर अगदीच किडकिडीत होती. महिन्याच्या आत ती प्लेगने गेली. पणजोबांनी त्या पोरीचे नाव पुन्हा कधी उच्चारले नाही, असे आजी म्हणे.

१९९४ साली सुरतेत प्लेगचा बोभाटा झाला आणि आपल्या बडोद्यातही लोक तोंडाला रुमाल बांधून हिंडू लागले, तेव्हा मला आजीची ती सुई आठवली. ती लस कोणाची, म्हणून शोध घेऊ लागलो, आणि वाल्डेमार हाफकिन या माणसाचे चरित्र हाती आले. मुंबईतल्या परळच्या संस्थेमुळे हे नाव आपल्यापैकी पुष्कळांच्या कानावर असते. परंतु त्यांच्या आयुष्यातला एक महत्त्वाचा प्रसंग आपल्या शहराच्या वेशीपाशी घडला, हे किती जणांना ठाऊक असेल?

हाफकिन १८६० साली रशियन साम्राज्यातील ओडेसा शहरात एका यहुदी कुटुंबात जन्मले. विद्यार्थिदशेत ते झारविरोधी क्रांतिकारकांच्या गटात होते आणि त्यापायी त्यांनी तुरुंगही पाहिला. प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह त्यांचे गुरू. धर्म बदलला असता तर विद्यापीठात जागा मिळाली असती, पण त्यांनी तो बदलला नाही. १८८८ मध्ये ते देश सोडून जिनिव्हाला गेले. पुढच्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये जागा मिळाली ती ग्रंथपालाची! दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरल्या वेळात जंतूंचा अभ्यास करायचा, असा त्यांचा क्रम होता. त्यातूनच पटकीवरची लस निघाली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली.

लस खरोखर उपयोगी पडते की नाही, हे जिथे पटकीचे ठाणे आहे तिथेच पाहायला हवे, म्हणून १८९३ मध्ये ते कलकत्त्यास आले. पुढची दोन-अडीच वर्षे उत्तर हिंदुस्थान, बंगाल व आसाम पालथे घालून त्यांनी चाळीस हजारांवर लोकांना टोचले. सक्ती नव्हती. वस्तीत जायचे, समजूत घालायची, वेळ पडली तर लोकांदेखत आधी स्वतः टोचून घ्यायचे, ही त्यांची रीत.

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग प्रकटला. सरकारने हाफकिनसाहेबांना बोलावले. ऑक्टोबरात ते भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात कामाला लागले. एक खोली, तिच्यासमोरची पडवी, एक कारकून आणि तीन गडी, एवढाच सरंजाम. हिंदू व मुसलमान कुणालाच किंतू वाटू नये म्हणून त्यांनी जंतू वाढविण्यासाठी बकऱ्याच्या मांसाचा रस वापरला आणि वर तुपाचे थेंब सोडले. त्या थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढत. मग ते उष्णतेने मारायचे की लस तयार. तीन महिन्यांत हे काम साधले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी स्वतःला टोचून घेतले. ती मात्रा पुढे इतरांसाठी ठरविलेल्या मात्रेच्या कित्येक पट होती. कडक ताप भरला, दंड दुखून आला, तरी त्यांनी काम थांबविले नाही. त्याच महिन्याअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा आपखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना त्यांनी टोचले.

त्या काळची हवा आपल्या घरोघरच्या जुन्या माणसांनी सांगितलेलीच आहे. पुण्यात घरझडत्यांनी लोक पेटले होते, आणि २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली. सरकारचा कोणताही डॉक्टर दिसला की लोकांना संशय येई. अशा वेळी आगाखानांनी आपल्या अनुयायांदेखत टोचून घेतले आणि प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला, याचे मोल मोठे होते.

आता उंडेऱ्याची गोष्ट. त्या काळी बडोद्यापासून तीन कोसांवरचे हे खेडे गायकवाडी मुलखातले. १८९८ च्या आरंभी तिथे प्लेग आला. फेब्रुवारीत हाफकिनसाहेब तिथे गेले. घरोघरच्या माणसांची नोंद करून त्यांनी प्रत्येक कुटुंबातील जवळजवळ निम्म्या माणसांना टोचले आणि निम्म्यांना तसेच ठेवले. एकच छप्पर, एकच चूल, एकच पाणी. फरक तेवढा सुईचा. पुढे २८ कुटुंबांत प्लेग शिरला. त्या घरांतल्या टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले व ३ दगावले. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले व २६ दगावले.

हे आकडे मी प्रथम वाचले तेव्हा हाफकिनांचा राग आला, हे कबूल करतो. लस हाताशी असताना निम्म्यांना का वगळले? आज असा प्रयोग करताना शंभर परवानग्या लागतील, आणि त्या लागाव्यात. पण मग पणजोबा आठवले. त्यांनीही घरातली माणसे वाटलीच होती, आणि तीही नुसत्या ऐकीव भीतीवर. सुईने माणूस मरतो की वाचतो, हे त्या दिवशी कोणालाच खात्रीने ठाऊक नव्हते. ती खात्री उंडेऱ्याने दिली. ते आकडे आमच्या घरापर्यंत वेळेवर पोहोचते, तर ती किडकिडीत पोर पणजोबांनी स्वतः कडेवर नेली असती, असे मला वाटते. ज्या २६ जणांच्या मरणातून ही खात्री आली, त्यांची नावे मात्र कुणाला आठवत नाहीत.

पुढे हाफकिनांच्या नशिबीही न्याय लवकर आला नाही. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये मोठी प्रयोगशाळा उभी राहिली. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना टोचण्यात आले. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. दोष प्रयोगशाळेचा ठरवून हाफकिनांना कामावरून दूर करण्यात आले. वास्तविक बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच बाटलीच्या बुचाला लावला गेला होता. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस आणि इतर नामांकित शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या टाइम्समध्ये उघडपणे त्यांची बाजू घेतली, तेव्हा कुठे कलंक धुतला गेला. ते पुन्हा कलकत्त्यास रुजू झाले, पण मुंबईची प्रयोगशाळा काही त्यांना परत मिळाली नाही. १९१४ मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला. लग्न केले नव्हते. अखेरच्या काळात ते यहुदी धर्माचरणात रमले आणि आपली पुंजी धर्मपाठशाळांसाठी ठेवून २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे वारले. परळच्या संस्थेला १९२५ मध्येच त्यांचे नाव दिले गेले होते, एवढे समाधान त्यांना जिवंतपणी लाभले.

उंडेरा आता शहराला येऊन भिडले आहे. गेल्या हिवाळ्यात मी मुद्दाम तिकडे जाऊन आलो. नव्या इमारती, दुकाने, मोटारींची वर्दळ. दोन-चार वृद्धांना विचारले. प्लेग त्यांना ऐकून माहीत होता, साहेब माहीत नव्हता. परत येताना वाटले, ते २८ कुटुंबांचे आकडे कोरलेला एक साधा दगड तिथे असावा. वर हाफकिनांचे नाव असावेच. पण खाली, टोचलेल्यांच्या शेजारी, न टोचलेल्यांचाही उल्लेख असावा. आमच्या आजीची बहीण त्यांच्यातलीच होती.